एक गहाळ फर्मा

मागच्या माघातली गोष्ट आहे. खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्तीच्या गावी ज्ञानेश्वरी पारायणाचा सप्ताह बसणार होता आणि त्यासाठी तिला नवी प्रत हवी होती. तिची जुनी प्रत आता हातात धरण्याजोगी राहिली नव्हती. पुठ्ठा सुटला होता, शिवणीचे दोरे कुजले होते आणि पान उलटले की कोपऱ्याचा पिवळा कपटा बोटाला चिकटून येत असे. लग्न होऊन सासरी निघताना आजोबांनी तिच्या हातात दिलेली ती प्रत पन्नासहून अधिक वर्षे रोज पहाटे उघडली गेली होती. मी बेळगावातल्या एका दुकानातून मोठ्या अक्षरांची, कापडी बांधणीची नवी प्रत घेतली आणि खानापूरच्या गाडीने तिला नेऊन दिली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. ‘अरे, तेराव्यात मागचीच पानं परत आल्यात बघ, आणि फुडची न्हाईतच.’

मी जाऊन पाहिले, तर तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ३३७ ते ३५२ ही पाने दोनदा आली होती आणि ३५३ ते ३६८ ही पाने नव्हतीच. माझे वडील बेळगावातल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते, त्यामुळे काय झाले असेल हे मला लगेच उमगले. पुस्तक पानापानाने छापले जात नाही. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पाने छापतात, तो कागद घडी घालून फर्मा तयार होतो, आणि बांधणी करणारा असे फर्मे ओळीने मांडून एकेक उचलत पुस्तक जमवतो. उचलताना २२ वा फर्मा दोनदा आला आणि २३ वा राहून गेला. क्षणभराच्या बेसावधपणाने असे होऊ शकते आणि त्या कामगाराला मी दोष देत नाही. दिवसाला शेकडो पुस्तके जमवणाऱ्या हातांकडून एखादा फर्मा चुकतो. वडिलांच्या काळी मात्र जमवलेली प्रत शिवणीला जाण्यापूर्वी दुसरा माणूस प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली छापलेला बारीक आकडा पाहून घेत असे. तो दुसरा माणूस या प्रतीला मिळाला नव्हता.

दुकानदार भला होता, प्रत बदलून देतो म्हणाला, पण त्या आवृत्तीच्या प्रती संपल्या होत्या आणि सप्ताहाला नऊ दिवस उरले होते. जुन्या प्रतीतल्या तेवढ्या पानांची झेरॉक्स काढावी, तर ते पुस्तक यंत्राच्या काचेवर पालथे दाबले असते तर उरलेसुरले शिवणीतून निखळले असते. आत्तीने ते करू दिले नसतेच. शेवटी ती १६ पाने हाताने लिहून काढायची आणि बांधणीवाल्याकडून नव्या प्रतीत शिवून घ्यायची, असे ठरले. माझे अक्षर बरे आहे, वडिलांनी ते घोटून घेतले होते.

लिहायला बसण्यापूर्वी दोन्ही प्रती शेजारी ठेवून मी थोडे ताडून पाहू लागलो आणि माझ्या लक्षात आले की गहाळ झालेला फर्मा हे नव्या प्रतीतले सर्वांत लहान व्यंग होते.

आत्तीचा नातू बेळगावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकतो. घरी मराठी बोलतो, शाळेत कन्नड शिकतो, रस्त्यावरच्या पाट्या कन्नडमधून सहज वाचतो, आणि देवनागरी मात्र बोट ठेवून वाचतो. सुट्टीला आलेला असल्यामुळे तो माझ्याजवळ बसला होता. नवी प्रत उघडून त्याने शेवटचे पसायदान काढले, कारण तेवढे त्याला पाठ होते. ‘आता विश्वात्मके देवे’ ही ओळ वाचून त्याने विचारले, ‘काका, देवे म्हणजे काय ओ? लय देव असले की देवे म्हणतात काय?’ मी उत्तर देण्याआधी चुलीपुढे बसलेली आत्ती म्हणाली, ‘देवे न्हवं रे, देवें. देवानं. त्या टिंबातच नं हाय.’

आत्ती चौथीपर्यंत शिकलेली. पण व्याकरणाच्या पुस्तकात तृतीया विभक्तीचे जे प्रकरण असते ते तिने चार शब्दांत सांगितले होते. जुन्या प्रतीत ती ओवी ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें’ अशी होती. विश्वात्मक अशा देवाने या वाग्यज्ञाने संतुष्ट व्हावे, हा अर्थ त्या डोक्यावरच्या टिंबांनी सांभाळलेला आहे. टिंबे काढून टाकली की ‘विश्वात्मके देवे येणे वाग्यज्ञे तोषावे’ असे काहीतरी उरते, ते कानाला गोड लागते आणि अर्थाच्या बाबतीत मुके होते. नव्या प्रतीत पहिल्या अध्यायापासून अठराव्यापर्यंत एकही असा अनुस्वार शिल्लक नव्हता. कुणीतरी, बहुधा चांगल्याच हेतूने, ज्ञानदेवांचे शुद्धलेखन सुधारून दिले होते.

ज्या नियमांच्या आधारे हे घडते ते मला नीट ठाऊक आहेत, कारण फावल्या वेळात मी मुद्रितशोधनाचे काम करतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले आणि उच्चारात न उरलेले अनुस्वार आपल्या रोजच्या लेखनातून गेले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. हा लेखही मी त्याच नियमांनी लिहितो आहे. पण त्याच नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे की केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावे. नियम करणाऱ्यांनी जुन्या ग्रंथांभोवती जाणीवपूर्वक कुंपण घातले होते. पुनर्मुद्रण करणाऱ्यांनी नियम वाचला आणि कुंपण वाचले नाही.

वडिलांच्या वेळीही अनुस्वार जात असत, पण ते जाणे निराळे होते. शिशाच्या खिळ्यावरचा तो ठिपका नाजूक असतो. हजारभर प्रती निघेपर्यंत तो झिजतो, कधी तुटतो, आणि मग प्रुफावर ‘अनुस्वार उडाला’, ‘मात्रा उडाली’, ‘काना तुटला’ अशा खुणा पडत. वडील तो खिळा चिमट्याने उपसून दुसरा बसवत. उलटी अक्षरे ते सुलट अक्षरांच्याच वेगाने वाचत आणि एखादा ठिपका नसला तर त्यांना तो बोटाला जाणवतो असे ते म्हणत. उडालेला अनुस्वार परत बसवण्यासाठी एक माणूस तिथे उभा होता. आज संगणकावर एका आज्ञेसरशी हजारो अनुस्वार जातात, आणि गेले हे कुणाला कळतही नाही.

नव्या प्रतीच्या शेवटी एकनाथांच्या ओव्या होत्या. त्या वाचून माझा जीव खरोखर कळवळला. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणला गोदेच्या काठी तिची प्रत शुद्ध केली. ते लिहितात, ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध । तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी’. मूळ ग्रंथ शुद्धच होता. हातोहात उतरताना, तोंडोतोंडी जाताना त्यात गफलती शिरल्या, त्या मी काढल्या, एवढेच त्यांचे म्हणणे. पुढे ते या कामाला ‘लेखनकामाठी’ म्हणतात. ज्याने स्वतः भागवत आणि रामायण मराठीत आणले, तो माणूस दुसऱ्याच्या ग्रंथासमोर बसल्यावर स्वतःला कामाठी समजतो, आणि जो यात आपल्या ओवीची भर घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे बजावतो. आणि आमच्या नव्या प्रतीत याच ओवीतला ‘शुद्ध’ हा शब्द ‘शुध्द’ असा छापला होता, तीनही ठिकाणी. द आणि ध यांची ही उलटापालट संगणकाच्या जुन्या कळफलकांनी आपल्याकडे आणली आणि ती लग्नपत्रिकांपासून पाट्यांपर्यंत सगळीकडे रुजली. पण एकनाथांच्या हातातल्या शुद्ध या शब्दावर तरी तिने जायला नको होते.

एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर एवढे काय बिघडते, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्यांनी एकदा पारायणाला येऊन बसावे. आमच्याकडे मांडवात शंभर-सव्वाशे वाचक बसतात, बाया एका बाजूला आणि बाप्ये एका बाजूला, प्रत्येकाच्या पुढे पाट आणि पाटावर ग्रंथ. व्यासपीठावरून चालक पहिला चरण उचलतो आणि मग सगळे एका सुरात, एका वेगाने पुढे जातात. हे वाचन कानाने चालते. शेजाऱ्याचा आवाज ऐकतच आपला शब्द पडतो. ग्रंथ मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, कुणाची साखरे महाराजांची प्रत, कुणाची देवस्थानात घेतलेली, कुणाची आजोबांच्या वेळची. आणि मग एखाद्या ओवीत तो सूर अर्ध्या क्षणासाठी दुभंगतो. पसायदानात काही प्रतींत ‘चलां कल्पतरूंचे अरव’ आहे आणि काहींत ‘आरव’. तेवढ्या जागी मांडवातल्या आवाजाला चीर पडल्यासारखे होते आणि पुढच्या चरणावर ती सांधली जाते. मला ती चीर लहानपणापासून आवडते. तिच्यातून मला हस्तलिखितांची परंपरा ऐकू येते. कुणा एका गावी असे उतरले गेले, दुसऱ्या गावी तसे, आणि दोन्ही माणसांनी भक्तीने उतरले. पण हल्ली कानावर पडणाऱ्या चिरा पाठभेदाच्या नसतात, नुसत्या छपाईच्या चुकांच्या असतात. वाचणारा अडखळतो, आपलेच काहीतरी चुकले असे समजून खाली मान घालतो, आणि पुढच्या वेळी छापलेली चूकच बरोबर मानून वाचतो.

पुस्तकात छापले आहे म्हणजे ते बरोबरच असणार, हा विश्वास आमच्या भागात फार खोल आहे आणि त्याला कारण आहे. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. नंतर कचेरीची भाषा बदलली, हळूहळू शाळांची बदलत गेली, आणि मराठी हळूहळू घर, देऊळ, वाचनालय आणि गावोगावची साहित्य संमेलने यांच्यापुरती उरली. पुण्यात एखाद्या ग्रंथात चूक छापली गेली तर तिथे दुसरी आवृत्ती मिळते, महाविद्यालयात विचारायला माणूस असतो, वर्तमानपत्रात कुणीतरी पत्र लिहितो. इथे आत्तीच्या नातवाजवळ त्या ओवीचे दुसरे काहीच साधन नाही. समोरचे पुस्तक हाच त्याचा मराठीचा मास्तर आहे, आणि आज आत्ती चुलीपुढून सांगते आहे, उद्या ती नसेल. बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, १८६३ साली इथे ‘बेळगाव समाचार’ निघाला, म्हणजे छापील मराठी अक्षर या गावाला नवे नाही. पण अक्षराचा मान राखणारी माणसे दर पिढीत नव्याने उभी राहावी लागतात.

अशी माणसे झाली, म्हणून तर आपल्याजवळ काही आहे. तुकारामांची गाथा घ्या. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या मिळवून, एकमेकींशी ताडून, साडेचार हजारांहून अधिक अभंग सिद्ध केले. मुंबई सरकारने त्यासाठी २४,००० रुपये दिले आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली तिचे दोन भाग निघाले. नंतर १९५० साली मुंबई सरकारने ती गाथा पुन्हा छापली. तेव्हा आम्ही मुंबई राज्यातच होतो, त्यामुळे ती जाडजूड सरकारी गाथा आमच्याकडच्या कितीतरी घरांत आणि देवळांत आली. आमच्या घरची प्रत वडिलांनी पगारातून पैसे बाजूला टाकून घेतली होती. सीमा सरकली, गाथा जिथल्या तिथे राहिली.

पुनर्मुद्रणाचा विचार करताना मला नेहमी स. गं. मालशे आठवतात. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली निघाले आणि लवकरच दिसेनासे झाले. पुरुषांना इतक्या रोखठोक मराठीत जाब विचारणारी बाई लोकांना तेव्हा पेलली नाही. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले. मधली ९३ वर्षे मराठी बायकांच्या किती पिढ्यांना हे पुस्तक असल्याचे माहीतच नव्हते, याचा विचार केला की मन सुन्न होते. याच मालशे यांनी धनंजय कीर यांच्याबरोबर महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय संपादित केले आणि १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते काढले. ज्या शेतकऱ्यासाठी फुल्यांनी लिहिले, त्याच्या नातवा-पणतवाच्या हाती ते परवडणाऱ्या किमतीत आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात त्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’चे लेखक बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, हे आमच्या गावात आज फार थोड्यांना ठाऊक आहे. विधवांच्या हालअपेष्टांची ती कहाणी दुकानात सहजी दिसत राहिली असती तर असे झाले नसते. वाचनालयाच्या कपाटात पुस्तक असणे आणि दुकानाच्या फळीवर असणे यात फरक आहे. कपाटातले पुस्तक शोधत जाणाऱ्याला भेटते, फळीवरचे पुस्तक जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारते.

आणि हे काम कुणा एका भाषेचे नाही. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गावोगाव फिरून, मठांतून आणि घरांतून ताडपत्रे गोळा करून बसवण्णा आणि इतर शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वचने जमवली. मंगळूरच्या एका मिशनच्या छापखान्याने ते हस्तलिखित परत पाठवले. मग १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’चा पहिला भाग छापून निघाला तो बेळगावात. आठशे वर्षांपूर्वीची कन्नड वचने आमच्या गावच्या छापखान्यातून पुन्हा लोकांपुढे गेली, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान वाटतो. इकडे आमच्या घरोघरी ज्याचे सप्ताह होतात त्या गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर हे मातृभाषेने कानडी. त्यांनी ग्रंथ लिहिला मराठीत. तो ग्रंथ संशोधून सिद्ध करणारे रामचंद्र कृष्ण कामत यांच्या नावापुढे ‘चंदगडकर’ लागते. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, आता कोल्हापुरात आहे. प्रकाशक ढवळ्यांनी काढलेली कामतांची ती प्रत आज आमच्याकडे कन्नड बोलणाऱ्या घरांतही सोवळ्याने वाचली जाते. ग्रंथ शोधून, शुद्ध करून पुढे देणाऱ्यांच्या या रांगेत कुणी कुणाची भाषा विचारलेली दिसत नाही.

हे सगळे मनात असल्यामुळे पुस्तक घेताना मी आता चोखंदळ झालो आहे. जुन्या आवृत्तीची जशीच्या तशी छायाप्रत काढून छापलेले पुस्तक अनेकांना ओबडधोबड वाटते, अक्षर कुठे पुसट, कुठे डागाळलेले. मला ते प्रामाणिक वाटते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती १९७५ साली पुण्यात पुन्हा छापली गेली, ती माझ्या टेबलावर असते. तिच्यात मोल्सवर्थचा शब्द मोल्सवर्थच्याच जागी मिळतो. नव्याने अक्षरजुळणी करून काढलेले पुस्तक अधिक देखणे असते, पण ते करताना जुन्या प्रतीशी कुणी ओळ न ओळ ताडून पाहिली का, हे मी आधी पाहतो. कोणत्या आवृत्तीवरून छापले आणि मुद्रितशोधन कुणी केले, एवढे ज्या पुस्तकात सांगितलेले नसते ते मी खाली ठेवतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे हक्क सरतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते आणि ती अनेकांनी छापली. पुस्तक स्वस्त झाले, खेड्यापाड्यांत गेले, फार चांगले झाले. पण मुलाला भेट देण्यासाठी घेताना मी दुकानात उभ्या उभ्या तिच्यातल्या ‘रात्री’, म्हणजे प्रकरणे, मोजतो. त्या पुऱ्या ४२ भरल्या तरच पैसे देतो.

आत्तीच्या पानांचे काम सहा संध्याकाळी चालले. नव्या प्रतीच्या ३५२ व्या पानाची शेवटची ओवी आणि ३६९ व्या पानाची पहिली ओवी यांच्या मध्ये जे काही होते ते नेमके १६ पानांत बसवायचे होते, कमी नाही आणि जास्त नाही. मोजल्या तेव्हा दोनशेच्या आसपास ओव्या भरल्या; तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणे, अहिंसेच्या निरूपणापासून गुरुभक्तीच्या वर्णनाच्या मध्यापर्यंत. जाड कागदाचे आठ ताव नव्या प्रतीच्या मापाने कापून घेतले, पेन्सिलीने ओळी आखल्या. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेचा एक समासच लिहिला आहे; अक्षर कसे असावे, तर ‘वाटोळें सरळें मोकळें । वोतलें मसीचें काळें । कुळकुळीत वोळी चालिल्या ढाळें । मुक्तमाळा जैशा’. ग्रंथ उतरून घेणे हे एकेकाळी किती जणांचे नित्याचे काम असेल म्हणून तो समास लिहावासा वाटला असेल. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत दिसावे, सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, असेही ते सांगतात. तिसऱ्या संध्याकाळी माझे अक्षर सैल पडू लागले तेव्हा मी ती ओवी मोठ्याने म्हटली आणि ते पान पुन्हा लिहिले.

नातू जुनी प्रत मांडीवर घेऊन मला वाचून दाखवत असे. छापखान्यात प्रूफ तपासताना एकाने मूळ मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची अशी रीत होती, वाचणारा अनुस्वार आणि काना-मात्राही उच्चारून सांगे. मी त्याला तेच शिकवले. पहिल्या दिवशी तो एका ओवीला पाच मिनिटे घेई. ‘कां, टिंब. कमळावरी, टिंब नाही. भ्रमर.’ बोट ओवीवर, आणि ओवीचा कागद इतका जीर्ण की बोट टेकवायचे नाही असे त्याला बजावलेले, म्हणून ते कागदाच्या वर एक दोरा अंतरावर तरंगत असे. ‘कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका’ ही ओवी आली तेव्हा तो कुचुंबैल या शब्दावर थांबला. नव्या प्रतीत हा शब्द नव्हता, कारण ते पानच नव्हते. शाळेत तर तो असण्याचे कारणच नाही. मी सांगितले की भुंगा कमळावर बसताना पाय अलगद ठेवतो, आतला केसर चुरगळेल अशी त्याला भीती वाटते, आणि ज्याच्या अंगी अहिंसा आहे तो माणूस जमिनीवर पाऊल असे ठेवतो. मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने आत्तीने त्याला पाणी आणायला सांगितले, तेव्हा मांडीवरची प्रत पाटावर ठेवताना त्याने ती दोन्ही हातांनी ठेवली.

सातव्या दिवशी आम्ही दोघे बेळगावला बांधणीवाल्याकडे गेलो. त्याने दुबार आलेला फर्मा उसवून काढला, आमचे आठ ताव जागेवर ठेवून पाहिले, कडा अर्धा सूत कापल्या आणि शिवून दिले. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. त्याच्या वडिलांनी आणि माझ्या वडिलांनी एकाच गल्लीत काम केले होते. अनुस्वार मात्र फक्त त्या १६ पानांत होते. बाकीच्या पानांवर ते पेन्सिलीने घालायचे काम मुलाने सुट्टी संपेपर्यंत मागितले आणि पहिला अध्याय पुरा केला.

सप्ताहात तेराव्या अध्यायाच्या दिवशी मी मांडवात मागे खांबाला टेकून बसलो होतो. बायांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत आत्ती, तिच्याजवळ नातू. वाचन अहिंसेवर आले तेव्हा तिने छापील पान उलटले आणि माझे अक्षर उघडले; मला तिथून ओळी दिसत नव्हत्या, फक्त कागदाचा वेगळा, जरा पिवळसर रंग दिसत होता. मुलाचे बोट पानाच्या वर, एक दोरा अंतरावर चालत होते. शंभर आवाज ‘कुचुंबैल केसर’ वर आले आणि एकही फुटला नाही. पुढे बराच वेळ मी ऐकत राहिलो. ३६८ वे पान संपले, ३६९ वे सुरू झाले, आणि आत्तीने चष्मा न सारता पान उलटले.